पाणी ओसरल्यावरचे ३ दिवस: मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्या आणि चाळींसाठी

वादळ निघून गेलं, पाणी उतरलं की सगळ्यांना दोन गोष्टींची घाई होते: लाइट चालू करायची आणि घर धुऊन काढायचं. नुकसान तिथेच वाढतं. ओल्या बोर्डाला हात लागून शॉक बसतो. वाचू शकलं असतं असं गाडीचं इंजिन स्टार्टर मारल्यामुळे जातं. फोटो न काढता सामान फेकलं म्हणून विम्याचा क्लेम अडकतो, आणि टाकी न धुता पंप सुरू केला की अख्ख्या बिल्डिंगला जुलाब लागतात. म्हणून कामांचा क्रम पाळा. आधी वीज आणि गॅस, मग फोटो, मग उपसा आणि पिण्याचं पाणी, आणि त्यानंतर घराची धुणी-पुसणी.

संकटाचं रूप दर वेळी बदलतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा सगळा मार पाण्याचा होता. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगडात घरांचे पत्रे आणि विजेचे खांब घेऊन गेलं. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या बाजूने समुद्रातूनच गेलं, तरी झाडं शेकड्यांनी पडली. १३ मे २०२४ चं तर धुळीचं वादळ, थोड्या वेळाचं, पण घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. वारा असो की पाणी, नंतरच्या कामांचा क्रम मात्र फारसा बदलत नाही.

खाली उतरण्याआधी

पाणी अजून गुडघ्याएवढं असेल तर थांबा. गढूळ पाण्याखाली मॅनहोल उघडं आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला परळ-एल्फिन्स्टनच्या भागात एक ज्येष्ठ डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. जावंच लागलं तर हातात लांब काठी ठेवा, पुढची जमीन चाचपत चला, आणि फुटपाथच्या कडेने न जाता रस्त्याच्या मधून चला, कारण गटारांची झाकणं बहुतेक कडेला असतात. पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण स्वतः उघडू नका. ते काम पालिकेच्या माणसांचं आहे. झाकण उघडं दिसलं तर तिथे बांबू आणि लाल कापड लावा, कोणाला तरी उभं करा आणि १९१६ ला फोन करा.

तुटलेली वायर दिसली तर ती जिवंतच आहे असं धरून चाला. भोवतालच्या भागात लाइट गेलेली असली तरी. निदान १० मीटर लांब राहा आणि कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. आपण नकळत जवळ पोचलो असं लक्षात आलं तर लांब ढांगा टाकत पळू नका. पावलं एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत, छोटी छोटी सरकवत मागे या. जमिनीतून वीज पसरत असते तेव्हा दोन पायांत जितकं अंतर जास्त, तितका शॉक मोठा.

फोन कुठे, आणि काय सांगायचं

मुंबई महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर १९१६. झाड पडणं, भिंत कोसळणं, पाणी तुंबणं, मेलेलं जनावर, उघडं मॅनहोल, सगळं याच नंबरवर. ठाणे, रायगड, पालघरसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. पोलीस किंवा कोणतीही तातडीची मदत ११२, ॲम्ब्युलन्स १०८, अग्निशमन दल १०१. गॅस सिलेंडरच्या गळतीला १९०६. साप घरात शिरला तर वन विभागाचा १९२६. वीज कंपनीचा तक्रार नंबर बिलावर छापलेला असतो. दक्षिण मुंबईत बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडपासून पुढे महावितरण. बिलाचा फोटो आणि ग्राहक क्रमांक मोबाइलमध्ये आत्ताच ठेवा, कारण वादळाच्या रात्री बिल सापडत नाही.

वादळानंतर या नंबरांवर फोनांचा मारा असतो. लाइन लागली की आधी माणसाचा जीव धोक्यात आहे की नाही ते सांगा. मग पत्ता, जवळची खूण आणि रस्त्यावरच्या विजेच्या खांबाचा किंवा पेटीचा नंबर सांगा. तो नंबर रंगाने लिहिलेला असतो आणि वायरमनला पत्त्यापेक्षा त्याच्यावरून जागा लवकर कळते. तक्रार क्रमांक लिहून घ्या. एकाच तक्रारीसाठी बिल्डिंगमधून वीस जणांनी फोन करू नयेत. सेक्रेटरी किंवा एकच माणूस ठरवा आणि तोच पाठपुरावा करील.

याच वेळी दुसऱ्या कोणीतरी मजल्यामजल्यावर जाऊन यादी करावी: अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले, गरोदर बायका, इन्सुलिन घेणारे, ऑक्सिजनवर असलेले. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घराला वेळेचा हिशेब आधी करून द्या. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, आणि १५० एएचच्या एका बॅटरीवरचा घरगुती इन्व्हर्टर ते सुमारे ३ तास ओढतो, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. बी टाइप सिलेंडरमध्ये १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो १२ तास पुरतो. लाइट ३ तासांत येणार नाही असं दिसलं की सिलेंडर शोधायला लगेच माणूस पाठवा. मशीन बंद पडायची वाट पाहू नका. इन्सुलिन फ्रिज बंद पडला म्हणून फेकायची गरज नाही. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत राहिली तर साधारण ४ आठवडे चालते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात डबीत घालून ठेवा.

वीज

आपल्याकडे मीटर रूम बहुतेक तळमजल्यावर, जिन्याखाली, म्हणजे पाणी सगळ्यात आधी जिथे शिरतं तिथेच असते. पाणी चढायला लागलं की वीज कंपनी स्वतःहून पुरवठा तोडते, आणि ते बरोबरच आहे. ती तोडलेली वीज लवकर जोडून घेण्यासाठी कंपनीच्या माणसावर दबाव आणू नका.

मीटर रूममध्ये पाणी असताना मेन स्विच पाडायला आत जाऊ नका. बाहेरूनच कंपनीला फोन करून पुरवठा बंद करून घ्या. पाणी उतरल्यावरही कंपनीने बंद असल्याचं सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. घरात पाणी शिरलं असेल आणि घरातला मेन कोरड्या जागी उभं राहून हाताला येत असेल तरच तो पाडा.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडला तरी काही पॉइंट जिवंत राहतात. बाहेरची वीज गेली की उलट इन्व्हर्टरच त्यांना वीज देतो. डोंबिवली-बदलापूरकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि मेन बंद आहे या विश्वासावर ओल्या बोर्डाला हात लावला जातो. इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच बंद करा आणि बॅटरीची वायरही सोडा. छतावर सोलर पॅनल असतील तर त्यांची वीज तोडणारा स्विच, म्हणजे आयसोलेटरही पाडा.

जे एमसीबी (शॉर्ट झाला की आपोआप पडणारे स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पडणारे स्विच), फ्यूज किंवा साधे स्विच पाण्याखाली गेले ते बदलायचे. उन्हात ठेवून किंवा हेअर ड्रायर मारून ते चालू होतील, पण आतल्या स्प्रिंग आणि संपर्कांवर गाळ बसलेला असतो. मग शॉर्ट झाला की पडायच्या वेळी एमसीबी पडत नाही. पाणी किती चढलं ते बोर्डाच्या बाहेरून ठरवू नका. वायरमनकडून प्लेट उघडून घ्या. मागच्या पेटीत, वायरी जिथे वळतात तिथे, मातीची बारीक रेघ दिसते. ती रेघ टर्मिनलच्या वर असेल तर तो बोर्ड गेला.

त्याहून फसवं असतं भिंतीतलं पाइपिंग. बोर्ड कोरडा दिसतो, पण जमिनीलगत वळलेल्या पीव्हीसी पाइपात पाणी साचून राहतं आणि आठवडाभरसुद्धा हटत नाही. म्हणून 'बोर्ड वाळला' हा निकष पुरेसा नाही. वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या मीटरने, म्हणजे मेगरने, इन्सुलेशन तपासायलाच हवं. परवानाधारक वायरमनला बोलवा. तो आधी सगळी उपकरणं, एलईडी दिवे आणि पंखे सुटे करील, कारण मेगरच्या ५०० व्होल्टने इलेक्ट्रॉनिक सामान उडतं. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून ते आणि अर्थिंग यांच्यात रोध मोजेल. १ मेगाओहमपेक्षा कमी आला तर ते सर्किट चालू करायचं नाही. अशा वेळी वायरी ओढून काढायच्या, पाइपात हवा मारायची आणि नव्या वायरी घालायच्या. ही तपासणी झाल्याचा लेखी रिपोर्ट मागून घ्या. पुरवठा पुन्हा जोडताना वीज कंपनी तो मागू शकते आणि विम्याच्या कामीही येतो.

वीज आल्यावर सगळे एमसीबी खाली, प्लग सगळे काढलेले, मग मेन वर. नंतर एकेक एमसीबी, मध्ये काही मिनिटं थांबत. आरसीसीबी पडला तर ज्या सर्किटने पाडला ते बंद ठेवून बाकीचं घर चालवा. वारंवार पडतो म्हणून आरसीसीबी बायपास करणारा वायरमन भेटला तर त्याला परत पाठवा. ३० मिलिॲम्पिअरचा हा एवढासा डबा ओल्या घरात माणसाला वाचवतो. घरात तो नसेल तर बसवून घ्यायची हीच वेळ.

भाड्याचा जनरेटर आणला तर तो बिल्डिंगच्या बाहेर, खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब. जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गॅलरीत नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये उलटी खोचून घर उजळवू नका. ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्याचा जीव घेते.

गॅस

सिलेंडर पाण्यात तरंगला किंवा आडवा झाला असेल तर रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा, उघड्यावर उभा ठेवा. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर आणि रबरी नळी परत वापरू नका. एजन्सीकडून बदलून घ्या. पाइप गॅस असेल तर घराबाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मीटर बुडालं असेल तर कंपनीचा माणूस येऊन तपासेपर्यंत उघडू नका. गॅसचा वास आला तर एकही स्विच ना चालू करायचा, ना बंद. दारं-खिडक्या उघडून बाहेर या आणि फोन बाहेर आल्यावरच करा.

फोटो आणि पंचनामा

गाळ काढायच्या आधी मोबाइल काढा. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो, मग भिंतीवरची पाण्याची रेघ. रेघेजवळ मोजपट्टी धरून फोटो काढला तर पाणी किती चढलं यावर वाद राहत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांचे मॉडेल आणि सीरियल नंबरचे स्टिकर जवळून घ्या. एक सलग व्हिडिओ दारापासून सुरू करून, पत्त्याची पाटी दिसेल असा घ्या. सामान फेकावंच लागलं तर आधी लिहून काढा: वस्तू, कधी घेतली, अंदाजे किंमत.

सरकारी मदत पंचनाम्यावर ठरते. तहसीलदार कार्यालयाची माणसं येतात. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन वेगळे जिल्हे आहेत, तेव्हा आपलं घर कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत येतं ते पाहून घ्या. आधार, रेशन कार्ड, लाइट बिल आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत तयार ठेवा, कारण पैसे खात्यात येतात. भाडेकरूनेही आपलं नाव घालून घ्यावं. सामान त्याचं भिजलं आहे, मालकाचं नाही. कागदावर सही करण्याआधी वाचा. 'पाणी शिरलं' एवढंच लिहिलं असेल तर किती उंच आणि किती वेळ ते लिहायला सांगा, कारण निकष बहुधा त्याच्यावरच असतो. पंचनाम्याची प्रत किंवा निदान फोटो घ्या.

घराचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे. तिच्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात. सोसायटीची वेगळी पॉलिसी असेल तर पंप, लिफ्ट आणि मीटर रूमचा क्लेम सोसायटीने करायचा असतो, सभासदाने नाही. विमा कंपनीचा सर्वेअर पाहणीला येईपर्यंत मोडकं सामान भंगारवाल्याला देऊ नका. जागा अडत असेल तर आवारात एका बाजूला ताडपत्रीखाली ठेवा.

बेसमेंट आणि लिफ्ट

२० बाय १५ मीटरच्या बेसमेंटमध्ये १ मीटर पाणी म्हणजे ३ लाख लिटर. ३ इंची डिझेल पंप कागदावर मिनिटाला १००० लिटर टाकतो, म्हणजे ५ तास. गाळ, लांब पाइप आणि चढ धरला तर ७-८ तास धरा. डिझेल पंप रॅम्पच्या वर, उघड्यावर ठेवा आणि फक्त सक्शनचा पाइप खाली सोडा. पंप बेसमेंटमध्ये नेऊन चालवला तर आतल्या धुराने माणसं जातात. सक्शनच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्यांनी पंप दर दहा मिनिटांनी थांबेल.

भरतीचं वेळापत्रक बघा. समुद्राला मोठी भरती असते, विशेषतः साडेचार मीटरच्या वर, तेव्हा पातमुखांची, म्हणजे नाले समुद्राला मिळतात तिथली, दारं बंद असतात, नाले तुंबलेले असतात आणि तुम्ही रस्त्यावर फेकलेलं पाणी फिरून गेटमधूनच परत येतं. भरतीनंतर साधारण ६ तासांनी ओहोटी. उपशाचा जोर तेव्हा ठेवा.

बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना बेसमेंट एका दमात कोरडं करू नका. आतल्या पाण्याचा भार गेला की बाहेरचं पाणी भिंतीला आणि तळाला आत ढकलतं. भिंत तडकते, फरशी फुगून वर येते. जुन्या बिल्डिंगमध्ये हे जास्त होतं. एक फूट उपसा, खूण करा, थांबा. पाणी पुन्हा वर चढत असेल तर बाहेरची पातळी अजून उतरलेली नाही.

लिफ्टच्या पिटमध्ये पाणी गेलं असेल तर लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून मेन बंद. पिट उपसल्यावरही लिफ्ट कंपनीच्या टेक्निशियनने लिमिट स्विच, बफर आणि केबल तपासल्याशिवाय एकही फेरी नको, सामानाचीसुद्धा नको.

टाकी आणि पिण्याचं पाणी

जमिनीखालच्या टाकीचं झाकण पाण्याखाली गेलं असेल तर त्यात गटाराचं पाणी शिरलंच आहे, पाणी स्वच्छ दिसलं तरी. टीडीएस मीटर लावून समाधान मानू नका. ते क्षार मोजतं, जंतू नाही. सगळ्यात आधी वरच्या टाकीकडे जाणारा पंप बंद करून त्यावर पाटी लावा, म्हणजे वॉचमन सवयीने चालू करणार नाही. वरच्या टाकीतलं पाणी अजून चांगलं असेल, तेच पुरवून वापरा. माणशी दिवसाला १५ लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता भागते. ४० घरं, घरटी ४ माणसं, म्हणजे रोज २४०० लिटर.

टाकी रिकामी करतानाही वरचाच नियम: जमीन तुडुंब असेल तर टप्प्याटप्प्याने. आत उतरण्याआधी झाकण उघडं ठेवून हवा खेळू द्या. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोन माणसं ठेवा. आतला माणूस भोवळ येऊन पडला तर त्याच्या मागे कोणी उडी मारायची नाही, दोराने ओढायचं. एकापाठोपाठ दोन-तीन जीव जातात ते या उडीमुळेच.

गाळ काढा, भिंती ब्रशने घासा, धुवा, ते पाणी बाहेर काढा. मग पाव टाकी स्वच्छ पाणी भरा आणि टाकीच्या पूर्ण क्षमतेच्या दर १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, निवळी ओता. ५००० लिटरच्या टाकीला ७५० ग्रॅम. आता टाकी पूर्ण भरा आणि २४ तास तशीच ठेवा. हे पाणी प्यायचं नाही. त्यातलं थोडं पंपाने वरच्या टाकीत आणि पाइपांत फिरवा, नळांतून क्लोरीनचा उग्र वास येईपर्यंत सोडा, मग सगळं काढून टाका आणि ताजं पाणी भरा.

पावडर नवी, बंद पुडीतली घ्या. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. उघडं पोतं दमट हवेत राहिलं की ते उडून जातं आणि उरतो नुसता चुना. वास हा तिचा पुरावा आहे. नाकाला झोंबत नसेल तर ती घेऊ नका.

पुढचे काही दिवस रोजच्या पाण्यात दर १०,००० लिटरला ४० ते ५० ग्रॅम पावडरची निवळी घाला. अर्ध्या तासानंतर क्लोरीन तपासायच्या ओटी किटने तपासा. नळीत पाणी, दोन-तीन थेंब, आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंगपट्टीवर ०.५ च्या आसपास हवा. रंग येतच नसेल तर पाण्यात अजून घाण आहे आणि क्लोरीन तीच खाऊन टाकते आहे. टँकरचं पाणीही टाकीत सोडण्याआधी असंच तपासा. टँकरवाल्याने 'फिल्टरचं आहे' म्हणणं पुरेसं नाही. पिण्यासाठी घरी उकळा, खळखळ उकळी फुटल्यावर निदान १ मिनिट. वॉर्ड ऑफिसकडून मेडिक्लोरच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्यात घालायच्या क्लोरीनच्या, बाटल्या मिळत असतील तर बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात थेंब घाला आणि अर्धा तास थांबा.

आता घर

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की सिमेंटासारखा चिकटतो आणि झाडताना धूळ नाकात जाते. आधी साधं पाणी आणि साबण, मग क्लोरीन. उलट केलं तर क्लोरीन मातीतच संपतं. फरशी आणि भिंतीच्या खालच्या भागासाठी ५ लिटर पाण्यात शीग लावून एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम, ब्लीचिंग पावडर, १० मिनिटं ठेवून पुसा. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र कधीही नको. त्यातून निघणारा वायू बंद मोरीत माणसाला गुदमरवतो.

कापसाच्या गाद्या, उशा, काथ्याच्या गाद्या, प्लायवूडचं फुगलेलं फर्निचर वाचत नाही. २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. जीव तुटतो, पण टाका. सागवानी किंवा भरीव लाकूड सावलीत वाळवलं तर वाचतं. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, पंखे लावा, खिडक्या उघड्या ठेवा. भिंतीला लगेच रंग देऊ नका. विटेतली ओल जायला महिने लागतात आणि आधीच मारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य, पीठ, डाळी आणि भाज्या टाकून द्या. वाळवून दळून आणू नका. फ्रिज उघडला नसेल तर ४ तासांपर्यंतचं अन्न ठीक असतं, भरलेलं फ्रीझर साधारण २ दिवस.

भिजलेली कागदपत्रं एकमेकांपासून जोराने सोडवू नका. कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून पंख्याखाली वाळवा. गठ्ठा मोठा असेल तर शेजारच्या चालू फ्रीझरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून द्या. गोठले की शाई पसरणं आणि बुरशी थांबते, नंतर सवडीने एकेक सोडवता येतो.

झाड, पत्रे, भिंत

पडलेल्या झाडात वायर अडकली आहे का ते आधी बघा. असेल तर वीज कंपनीचा माणूस आल्याशिवाय फांदी तोडायची नाही. दाबाने वाकलेल्या फांदीवर करवत चालवली की ती उसळून अंगावर येते, म्हणून मोठं खोड अग्निशमन दल किंवा उद्यान विभागालाच कापू द्या. अर्धवट कललेलं झाड आणि मुळांजवळ फुगलेली, भेगाळलेली जमीन दिसली तर त्या बाजूचं पार्किंग रिकामं करा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर चढू नका. ओला पत्रा पायाखाली फुटतो. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा फोडू नका, कापू नका. तुकडे पाणी मारून ओले करा, एन-९५ मास्क लावा आणि जाड पिशवीत भरा.

डोंगरउताराला किंवा संरक्षक भिंतीला लागून घर असेल तर भिंतीतली पाणी जाण्याची भोकं तपासा. पाऊस चालू असूनही ती कोरडी असतील तर पाणी मागे साचून भिंतीवर रेटा देत आहे. नवी आडवी भेग, पोट पुढे आलेली भिंत, अचानक गढूळ झालेला झरा, अडकणारी दारं, यातलं एकही दिसलं तर रात्री तिथे झोपू नका. २ जुलै २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली ती मध्यरात्रीनंतर, लोक झोपेत असताना.

गाडी

पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून पाहू नका, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पुन्हा, ते नुकसान स्टार्टर मारल्यामुळे झालं म्हणून साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत क्लेम नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची रेघ दिसेल असा फोटो घ्या, विमा कंपनीला २४ तासांच्या आत कळवा, गाडी टो करा. स्कूटरचं इंजिन ऑइल काढून बघा. दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलं आहे.

पुढचा महिनाभर तब्येत

पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आपला दवाखान्यात जाऊन लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. उंदरांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात येतो आणि पायावरच्या छोट्या चिरेतून शरीरात शिरतो. पाण्यातून एकदाच गेलात की वारंवार, पायाला जखम होती की नाही, यावर डॉक्टर डोस ठरवतात. डॉक्सिसायक्लिन गरोदर बायकांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. त्यांना दुसरं औषध असतं, तेव्हा शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी मुलाला देऊ नका. जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही त्याच वेळी विचारा.

गोळी घेतली तरी लक्ष ठेवा. आजार बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतो, कधी महिन्यानेही. ताप, डोकेदुखी, लालसर डोळे आणि पोटऱ्यांत असह्य दुखणं एकत्र आलं तर घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की पुराच्या पाण्यातून चाललो होतो. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे झाले तर थेट हॉस्पिटल. जुलाबाला ओआरएसचं पाकीट १ लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

डासांची अंडी ते डास हा प्रवास आठवड्याभरात होतो. म्हणून ताडपत्रीच्या खोलगट भागात, टायरमध्ये, भंगारात, कुंड्यांच्या ताटल्यांत आणि लिफ्टच्या पिटमध्ये साचलेलं पाणी दर आठवड्याला एक वार ठरवून ओता. निळ्या ताडपत्रीला मधून बांबूचा आधार देऊन उतार केला तर तिच्यावर पाणी साचतच नाही.